धुईत (धुक्यात) डबल ट्रॉलीची ऊस वाहतूक: मागून दिसावं म्हणून नेमकं काय काय लावायचं?

सिंदफणाकाठ (प्रश्न)

राम राम मंडळी. माजलगाव (जि. बीड) पट्ट्यात तीन ट्रॅक्टर उसाला लावलेत, तिन्हींना डबल ट्रॉली. फड (तोडणीचं शेत) ते कारखाना अंतर २२ ते ३५ किलोमीटर. ऊसतोड टोळी सकाळी तोडते, दुपारनंतर भरते, म्हणजे खेप अंधार पडल्यावरच निघते. कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लागून रिकामं होईस्तोवर पहाट. परतीला कालव्याच्या कडेनं अशी धुई असते की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. विचारायचं ते हे:

ट्रॉल्यांना रेडियम मारलेलं आहे, तरी मागचे गाडीवाले "दिसलंच नाही" म्हणतात. का? टेललाईटची वायरिंग दर आठ दिवसाला बंद पडते, तिचं काय करावं? कारखान्याच्या गाडीतळावर (गाड्या थांबायच्या जागेत) ड्रायव्हर ट्रॉलीखाली झोपतात, शेकोटी करतात. त्यात काय बंद करायला लावायचं? आणि गारठ्यात ट्रॅक्टर चालू होत नाही म्हणून इंजिनाजवळ पेटता चिंध्यांचा बोळा धरायची सवय आहे, ती कशी मोडायची?

किस्से नकोत, मापं सांगा.

बारा व्होल्ट

आधी रेडियमचं बोलू, कारण सगळा घोळ तिथं आहे. आपण ज्याला रेडियम म्हणतो ती परावर्तक पट्टी. तिच्यात स्वतःचा उजेड नाही. मागच्या गाडीचा उजेड ती त्याच दिशेनं परत फेकते. धुईत तो उजेड जाताना एकदा मरतो आणि परत येताना दुसऱ्यांदा मरतो. पेटलेल्या दिव्याचा उजेड मात्र एकदाच धुईतून जातो. म्हणून कोरड्या अंधारात लांबून चमकणारी पट्टी धुईत अगदी जवळ आल्यावर उजळते, तोवर मागच्याला ब्रेक मारायला जागा उरलेली नसते. त्यात मोटारसायकलचा हेडलाईट मिणमिणता असला तर पट्टी असून नसल्यासारखी. पट्टी पाहिजेच, पण धुईत भरवसा दिव्यावर.

दुसरं कारण त्याहून साधं. पट्टी आणि टेललाईट दोन्ही ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर असतात, आणि भरल्यावर ऊस तीन-चार फूट मागं लोंबतो. वाढं (उसाचे शेंडे) खाली झुकून दिवे झाकले जातात. रिकामी ट्रॉली दिसते, भरलेली दिसत नाही, असा उलटा कारभार.

त्यामुळे सुटी फळी करा. ४ फूट लांब, १ फूट रुंद प्लायवूड किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा. त्यावर लाल-पांढरी तिरपी परावर्तक पट्टी, दोन्ही टोकांना एकेक एलईडी टेललाईट, त्यातच ब्रेक आणि इंडिकेटर. वरच्या दोन कोपऱ्यांना साखळी नाहीतर सुंभ बांधून मागच्या ट्रॉलीच्या उसाच्या टोकांवर लटकवायची. उंची जमिनीपासून ३ ते ५ फूट, म्हणजे मोटारसायकल आणि कार दोघांच्या नजरेत. वायर २ मीटर जास्त ठेवा, कारण फळी प्रत्येक खेपेला वेगळ्या जागी येणार. गव्हाणीजवळ (कारखान्यात ऊस टाकायच्या जागी) क्रेनचे दोर लावायच्या आधी फळी काढून ट्रॅक्टरवर घ्यायची. ही सवय लागली नाही तर पहिल्याच आठवड्यात फळी उसाबरोबर गव्हाणीत जाईल. लाल फडकं बांधून भागत नाही. ते दिवसा ठीक, रात्री काळंच दिसतं.

पट्टी चिकटवायची पद्धत: मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी. रुंदी ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंची. मागं खालची पूर्ण कड आणि दोन्ही कोपरे वरपर्यंत, म्हणजे ट्रॉलीची चौकट दिसली पाहिजे. मधोमध एकच तुकडा असेल तर लांबून ती एखादी मोटारसायकल वाटते. चिकटवण्याआधी तारेच्या ब्रशनं गंज काढा, थिनरनं पुसा, आणि दुपारी उन्हात चिकटवा. गार, दमट पत्र्यावर गोंद धरत नाही, चार दिवसात कोपरे उचलतात. बाजारात नुसती चकचकीत लाल टेपही रेडियम म्हणून विकतात. ओळखायला सोपं: रात्री ५० मीटरवर उभं राहून टॉर्च डोळ्याच्या बाजूला कानशिलाजवळ धरा. पट्टी दिव्यासारखी उजळली तर खरी. टॉर्च पोटाजवळ धरून बघाल तर चांगली पट्टीही मंद वाटेल, कारण उजेड टॉर्चकडं परत जातो, डोळ्याकडं नाही.

आणि दव. पट्टीवर दवाचे थेंब बसले की चमक निम्म्यावर येते. निघताना ओल्या फडक्यानं पुसून कोरडं फडकं फिरवायचं, दोन मिनिटांचं काम आहे.

आता वायरिंग. बंद पडायचं मुख्य कारण अर्थिंग, म्हणजे करंट परत जायची वाट. बहुतेक ट्रॉल्यांना फक्त करंटची वायर ओढतात आणि अर्थ हुकाच्या पिनेतून घेतात. पिनेला ग्रीस, गंज, माती. गाडी हलली की अर्थ तुटतो, जुळतो, तुटतो. दोन ट्रॉल्या म्हणजे असे दोन सांधे. ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून शेवटच्या फळीपर्यंत अर्थची स्वतंत्र वायर ओढा, २.५ चौरस मिलिमीटरची. करंटच्या वायरी १.५ च्या चालतील, पण फक्त एलईडीला. जुने बल्ब असतील तर ब्रेकला २१ वॅटचे चार, म्हणजे ८४ वॅट, सात अँपिअर. १४ मीटर लांबीच्या १ चौरस मिलिमीटर वायरीत तेवढ्यानं पावणेदोन व्होल्ट एका बाजूलाच पडतात आणि दिवा विझल्यासारखा तांबूस होतो. एलईडी लावली की हा भार नगण्य.

दोन ट्रॉल्यांच्या मध्ये सात पिनांचं सॉकेट वापरा. वायरी पिळून वरून चिकटपट्टी मारली तर तिला उसाचा रस लागतो, मग हिरवा गंज. सॉकेटचं तोंड खाली ठेवा म्हणजे दव साचणार नाही. वायर साखळीसारखी लोंबती नको, पण वळणावर ताणही नको. हुकाजवळ एक वेढा राखून पट्ट्यानं बांधा. एलईडी लावल्यावर इंडिकेटर टपाटप लुकलुकायला लागला तर घाबरू नका, भार कमी झाल्यामुळे जुना फ्लॅशर फसतो; एलईडीला चालणारा फ्लॅशर बसवा.

मळवाट

एवढा खटाटोप कामून? ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मागं तोंड केलेला फोकस असतोच. तो चालू ठेवला की पाठीमागचं रान उजळतं, कुणालाही दिसतंय.

बारा व्होल्ट

भाऊ, तो फोकस नांगर बघायला दिलाय, रस्त्यावर तो बंद. मागच्याला समोर पांढरा उजेड दिसला की त्याचा मेंदू "समोरून गाडी येते आहे" असं समजतो, आणि तो बाजू घेतो किंवा डिपर मारत बसतो. शिवाय डबल ट्रॉलीवर ऊस रचलेला असला तर तो उजेड उसावरच पडतो. मागं जातो तो कडेचा झोत, तोही डोळे दिपवणारा. मागं लाल, पुढं पांढरा, याच्यात बदल करायचा नाही. ट्रॅक्टरच्या कपाळावर निळ्या-जांभळ्या लुकलुकत्या पट्ट्या लावायची हौस असते, तीही आवरा. समोरच्याला ट्रॅक्टर आहे का वरात आहे तेच कळत नाही.

डावी बाजू

दिव्यांचं वर आलंय, मी चालवण्याचं सांगतो.

आपल्याकडची धुई कुठं पडते ते ड्रायव्हरला पाठ पाहिजे. निरभ्र रात्र, वारा नाही, जमीन ओली, असं जुळलं की पडते. म्हणून गोदाकाठ, माजलगाव धरणाखालचा भाग, जायकवाडीच्या डाव्या-उजव्या कालव्याचा पट्टा, आणि रब्बीला नुकतं पाणी दिलेली शिवारं इथं ती दाट असते. माळावर चढलं की एकदम मोकळं. हा फरक एका किलोमीटरात पडतो. माळावरचा वेग तसाच घेऊन खाली पुलावर उतरणं हीच चूक. दुसरं, सूर्य उगवला म्हणजे सुटलो असं नाही. उजाडताना हवा जराशी ढवळते आणि धुई अर्धा-एक तास उलट वाढते. तिच्यात पाचट जाळल्याचा आणि वीटभट्टीचा धूर मिसळला तर साडेआठपर्यंत हलत नाही, कारण जमिनीलगतच्या गार हवेतला धूर वर चढत नाही.

किती दिसतंय हे डोळ्यानं ठरवू नका, विजेच्या खांबावरून ठरवा. गावाकडच्या लाईनीत दोन खांबांत साधारण ५० मीटर असतात. हे कारवाल्यांसाठीही सांगतो: ताशी ४० ला गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर २५ मीटरच्या आसपास लागतात, ६० ला ४५, ८० ला ७०. यात दीड सेकंद नुसता पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा धरलाय. ओल्या रस्त्यावर यात आणखी १० ते ३० मीटर वाढवा. एका गाडीपुरत्या अरुंद रस्त्यावर समोरचाही तेवढाच आंधळा असतो, म्हणून दिसतं त्याच्या निम्म्यात थांबता आलं पाहिजे. पुढचा एकच खांब दिसत असेल तर ३० च्या वर काटा नको.

डबल ट्रॉलीला हे आकडे लागूच पडत नाहीत. ट्रॅक्टर दोन-अडीच टनांचा, मागं १५-२० टन, आणि ट्रॉल्यांना बहुधा ब्रेक नसतातच. थांबवायचं काम ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांनी करायचं. करकचून ब्रेक मारला की मागचा भार ट्रॅक्टरला तिरपा ढकलतो आणि कात्री होते, म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉली कात्रीसारखे मिटतात. म्हणून:

रस्त्यावर येताच डावा-उजवा ब्रेक पॅडल खटक्यानं एकत्र जोडायचे. शेतात वळायला सुटे केलेले असतात आणि तसेच राहतात. एकच पॅडल दाबला गेला तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो.

उतार लागायच्या आधी गिअर खाली घ्यायचा. धारूर घाटासारख्या अरुंद उतारावर निम्म्यात गिअर बदलायला गेलात आणि बसला नाही तर हातात काही राहत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्या ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी कामावर ठेवू नका, हे माझं स्पष्ट मत.

हुकाच्या पिनेला खालून खिट्टी, आणि पिनेशिवाय वेगळी सुरक्षा साखळी. खिट्टीऐवजी खिळा वाकवून घालतात, तो गळून पडतो.

आणि आवाज. धुईत कान हा दुसरा डोळा आहे. डेक बंद, मफलर कानावरून सैल.

बंद पडलेल्या ट्रॉलीचं वेगळं. स्प्रिंगचा पाटा तुटला, टायर बसलं तर आधी गाडी जमेल तेवढी डाव्या कडेला. परावर्तक त्रिकोण मागं ५० मीटरवर एक, मोठ्या रस्त्यावर १०० मीटरवर दुसरा. माणूस ट्रॉलीमागं उभा राहायचा नाही, रस्त्याच्या बाहेर उभा राहून टॉर्च हलवायचा. दगड आणि बाभळीच्या फांद्या टाकायची रीत आहे. दगड धुईत मोटारसायकलवाल्याचा जीव घेतो, आणि ट्रॉली गेल्यावर ते उचलायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही.

पांढरी कार

मी दुसऱ्या बाजूनं विचारतो. धुईत अशी डबल ट्रॉली पुढं असली तर ओलांडायची कधी? आणि काच आतून सारखी पांढरी होते, पुसली की परत.

डावी बाजू

ओलांडायचीच नाही. हिशोब बघा: ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून १५ मीटरच्या वर लांबी. तुमच्या बाजूनं मागं-पुढं मोकळी जागा धरली तर ५० मीटर जास्तीचे कापायचे. ट्रॅक्टर २० नं, तुम्ही ५० नं, म्हणजे सहा सेकंद. तेवढ्यात तुम्ही ८३ मीटर जाता आणि समोरून ६० नं येणारा १०० मीटर. एकूण १८३ मीटर मोकळं दिसलं पाहिजे, म्हणजे जवळजवळ चार खांब. धुईत चार खांब दिसत असतील तर ती धुईच नाही.

काचेचं: एसी चालू करा, हवा काचेकडं, बाहेरची हवा आत घ्यायचं बटण, आणि तापमान गरमवर. एसी हवेतला ओलावा काढतो, गरमी काच कोरडी करते. दोन्ही एकत्र लागतात. फडक्यानं पुसलं की तेलकट थर पसरतो आणि समोरचे दिवे फाकतात. बाहेरून दव असेल तर वायपर. हेडलाईट डिपरवरच, अप्परचा झोत धुईवर आपटून तुमच्याच डोळ्यात येतो. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, वळायचं आहे का थांबलाय ते मागच्याला कळत नाही. नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर. पुढच्या गाडीच्या लाल दिव्याला चिकटून जाणारे बरेच असतात. तो खड्ड्यात गेला तर तेही जातात.

कोपीवरची आशा

शेकोटी आणि झोपेचं मी सांगते.

उघड्यावरच्या शेकोटीचा धोका भाजण्याचा. कोपीत (ऊसतोड कामगारांच्या झोपडीत), ताडपत्रीच्या आडोशाला किंवा ट्रकच्या बंद केबिनीत पाटीत निखारे घेऊन झोपण्याचा धोका मरणाचा. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूरही नाही, म्हणून "धूर गेला, आता आत घ्या" हे सगळ्यात घातक वाक्य आहे. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, पाय लटपटणं ही सुरुवात. लोक त्याला पित्त समजून परत आडवे होतात. खूण एकच लक्षात ठेवा: एकाच कोपीतल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं तर ते पित्त नाही. सगळ्यांना ताबडतोब उघड्यावर आणा, १०८ ला फोन करा, निखारे पाण्यानं विझवा. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्या, कारण प्राणवायू द्यावा लागतो. लेकरं आणि गरोदर बायांना सगळ्यात लवकर बाधतो. ट्रॅक्टरसोबत टोळी असेल तर मुकादमालाही हे सांगा.

उपाय: शेकोटी झोपायच्या आधी बाहेर, अंग गरम करून मग आत. जमिनीची थंडी वरच्या थंडीपेक्षा जास्त खाते, म्हणून खाली वाढ्याचा किंवा कडब्याचा हातभर थर, त्यावर पोतं, मग घोंगडी. वरून तीन पांघरुणं आणि खाली नुसती ताडपत्री, याचा उपयोग नाही. दारू पिऊन ऊब वाटते कारण रक्त कातडीकडं येतं, पण त्यानंच अंगातली उष्णता बाहेर जाते.

ट्रॉलीखाली झोपणं पूर्ण बंद करा. रांग पुढं सरकली की मागचा ड्रायव्हर अर्धवट झोपेत ट्रॅक्टर चालू करतो, खाली बघत नाही. ज्याला आडवं व्हायचं त्यानं ट्रॉलीच्या रांगेपासून दूर, गाड्या फिरत नाहीत अशा कडेला. आणि ट्रॅक्टर हलवायच्या आधी टॉर्च घेऊन दोन्ही ट्रॉल्यांभोवती एक फेरी, हा नियम तिन्ही ड्रायव्हरला लावा. चाकाला लाकडी ठोकळा लावलेला असला तर ती फेरी आपोआप होते, कारण ठोकळा काढायला खाली उतरावंच लागतं.

टायमिंग गिअर

पेटता बोळा का धरतात? डिझेल गोठलं असं वाटतं म्हणून. आपल्याकडं परभणीसारख्या ठिकाणी पारा एक आकडी झाला तरी ५-६ अंशांत डिझेल गोठत नाही. खरी कारणं तीन: बॅटरी उतरलेली, टर्मिनलवर पांढरं फूल (गंजाची पूड), आणि फिल्टरमध्ये पाणी. टाकी अर्धी ठेवली की रात्री आतल्या पत्र्याला दव धरतं आणि ते खाली उतरतं. म्हणून टाकी संध्याकाळी भरा आणि फिल्टरखालचा बोल्ट आठवड्यातून दोनदा सैल करून पाणी सोडा, निव्वळ डिझेल येईपर्यंत.

बॅटरीला साधा मल्टीमीटर लावा. रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर बदलायची वेळ झाली. टर्मिनल गरम पाण्यानं धुवा, कोरडे करून घट्ट आवळा, मग वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन लावून मग आवळू नका. सेल्फ मारताना क्लच दाबलेला, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल फिरवायचा भार सुटतो. एका वेळी १० सेकंद, मग अर्धा मिनिट थांबा. बोळ्याची ज्वाळा डिझेलच्या गळत्या पाइपाला, वायरिंगला आणि वर रचलेल्या पाचटाला एकदमच धरते. हिटर असलेल्या इंजिनात वास मारणारा स्टार्टिंग स्प्रेही मारू नका, आतच भडका होतो.

टायरची हवा पहाटे गार असताना तपासा. पारा पाच-सहा अंश उतरला की साधारण १ पीएसआय कमी होते. दुपारच्या उन्हात भरलेली हवा पहाटे कमीच दाखवणार. आणि थंडीत मफलर, शाल, घोंगडी यांची टोकं बनियनमध्ये खोचा. पीटीओ (ट्रॅक्टरमागचा, अवजार फिरवणारा दांडा) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर असला तर तो सेकंदाला नऊ वेळा फिरतो, मफलरचं टोक धरलं की सोडवायला हात पोचत नाही.

सिंदफणाकाठ

सगळ्यांचे आभार. फळी आणि २.५ ची अर्थ वायर या आठवड्यात करतो, फोकसच्या वायरी काढूनच टाकतो. एक राहिलं: फडातून डांबरी रस्त्यावर चढताना. काळी माती चाकांना येते आणि रस्त्यावर पसरते. आणि वळून सरळ व्हायला लई वेळ लागतो.

डावी बाजू

हे विचारलंत ते बरं केलं, याच्याकडं कुणी बघत नाही. काळी माती दव पिऊन फुगते, तिचा थर डांबरावर साबणासारखा होतो. मोटारसायकल तिथंच घसरते, आणि तुमचा ट्रॅक्टर केव्हाच निघून गेलेला असतो. फडाच्या तोंडाशी शेवटचे १५-२० मीटर पाचटाचा जाड थर टाका, त्यावर चाकं पुसली जातात. तरी आलेली माती खोऱ्यानं ओढायला टोळीतला एक गडी ठेवा.

वळण्याचं माप: ट्रॅक्टर-ट्रॉल्या १५ मीटर आणि रस्ता १० मीटर धरला तर २५ मीटर सरकल्याशिवाय रस्ता मोकळा होत नाही. भरलेल्या डबल ट्रॉलीचा चढतानाचा वेग ताशी ५ किलोमीटर, म्हणजे १८ सेकंद तुम्ही आडवे. ८० नं येणारी जीप तेवढ्यात ४०० मीटर येते. धुईत तुम्हाला १०० मीटर दिसत असेल तर "मोकळं आहे" असं बघून निघण्याला काही अर्थ नाही. दोन माणसं लागतात: दोन्ही बाजूंना किमान १५० मीटरवर, रस्त्याच्या कडेला, लाल टॉर्च आणि परावर्तक जॅकेट घालून. दोघांचा मोबाइल ड्रायव्हरशी जोडलेला, आणि दोघंही "थांबलेत" म्हणाल्याशिवाय क्लच सोडायचा नाही. दोन माणसं नसतील तर ट्रॉली भरून फडातच उभी करा आणि सकाळी नऊ वाजता काढा. काट्यावर नंबर मागं जाईल, जाऊ द्या.

बारा व्होल्ट

त्या दोघांच्या टॉर्चचे सेल वेगळ्या बॉक्समध्ये ठेवा, टॉर्चमध्ये ठेवून महिनाभर पडू देऊ नका. सेल पाझरला की स्प्रिंग खातो, आणि लागते त्या रात्रीच पेटत नाही.